नदीकाठची जमीन: विकणारा हतबल, घेणारा सुशिक्षित

सक्करदरा चौकातून उमरेड रोडला लागले की प्लॉटच्या व्यवहाराचे फलक सुरू होतात. अमुक नगर, तमुक विहार, एनए-टीपी मंजूर, आरएल मिळेल, कर्जाची सोय. हे फलक आपल्या सवयीचे आहेत. आता त्यांच्या जोडीला मोबाइलवर दुसऱ्याच मुलखाच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. डोंगरांच्या कुशीत, बारमाही नदीला लागून, गजबजाटापासून दूर. पाच एकर, दहा एकर, पंचवीस एकर. भाव बैठकीत. रविवारी गाडी करून जमीन दाखवायला नेतात, जेवण त्यांच्याकडे.

अशी जाहिरात एकदा सावकाश वाचावी. तिच्यात आंब्याची झाडे मोजलेली असतात, मोहाची आणि सागाची मोजलेली असतात. नदीला लागून किती फूट लांबी आहे, विहिरीला पाणी किती हातांवर आहे, डांबरी रस्ता किती अंतरावर आहे, हे सगळे असते. सातबारा ‘क्लिअर’ असल्याची ग्वाही असते. त्या जमिनीवर कालपरवापर्यंत किती माणसे पोट भरत होती आणि ती आता कुठे गेली, एवढे मात्र नसते. उलट शेजार नाही, वस्ती नाही, कसली कटकट नाही, हाच त्या जमिनीचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. माणसे नाहीत म्हणून भाव आहे.

या व्यवहारात दलालाला शिव्या घालणे सोपे आहे, आणि आपण त्या घालतोच. माझा रोख दलालावर नाही. गिऱ्हाईक नसेल तर दलाल दुसरा धंदा शोधील. माझा रोख गिऱ्हाइकावर आहे, म्हणजे आपल्यावर. नंदनवन, मानेवाडा, प्रतापनगर, धरमपेठ इथल्या शिकलेल्या, पगारदार, पेन्शनीच्या आणि प्रॅक्टिसवाल्या माणसांवर आहे. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या, व्याख्यानमालेत पहिल्या रांगेत बसणाऱ्या आणि मुलांना पर्यावरणाचा प्रकल्प स्वतः करून देणाऱ्या आपल्या वर्गावर आहे.

आधी एक हिशेब करू. आपल्याला दुसऱ्याची नदी का हवी झाली?

कारण आपली आपण मारली. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून निघते आणि या शहराच्या मधून वाहते. शहराचे नाव तिच्यावरून पडले असे आपण अभिमानाने सांगतो, आणि पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो. आपल्या न्हाणीघराचे, संडासाचे, कारखान्याचे पाणी घेऊन ती पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि ती सगळी घाण गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन बसते. त्या पाण्याच्या काठी अंभोरा आहे, जिथे मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ रचला असे आपण मानतो. मराठीच्या आद्य ग्रंथाच्या पायाशी आपण आपला मैला नेऊन सोडला आणि त्याची आपल्याला लाज वाटली नाही. गोसीखुर्दमध्ये ज्यांची घरे आणि वावरे बुडाली, त्यांच्या वाट्याला विस्थापनही आले आणि नागपूरचे सांडपाणीही आले.

सक्करदऱ्याचा तलाव भोसल्यांच्या काळातला. त्याच्याभोवती आपण घरे उठवली, सांडपाणी त्यात सोडले, जलपर्णी माजली की महापालिकेच्या नावाने बोटे मोडली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली. माणसे बुडून मेली. त्या दिवशी सगळ्या शहराने नदीला दोष दिला. नदी मात्र होती तिथेच होती. तिच्या पात्रापर्यंत भिंती, दुकाने आणि स्लॅब आपण नेले होते. नाग नदी शुद्ध करण्यासाठी केंद्राने २०२२ साली जवळपास दोन हजार कोटींच्या योजनेला मान्यता दिली. जी नदी नासवायला आपल्याला एक पैसा पडला नाही, ती परत नदी व्हायला देशाच्या तिजोरीतले एवढे पैसे लागणार आहेत.

आणि हेच आपण, नदीकाठचा निवांतपणा हवा म्हणून कितीतरी कोसांवर दुसऱ्याची नदी पाहायला निघालो आहोत. ज्याने स्वतःच्या अंगणातला आड बुजवला त्याने शेजाऱ्याच्या आडावर हक्क सांगावा, तशातली ही गोष्ट.

आता घेणारा कोण, ते पाहू. आपल्याकडे शेतजमीन कोणीही उठून घेऊ शकत नाही. विदर्भासाठी १९५८ चा कुळवहिवाट कायदा आहे. त्याच्या ८९ व्या कलमाप्रमाणे, परवानगी काढल्याशिवाय शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची. मराठवाडा सोडून उरलेल्या महाराष्ट्रात १९४८ च्या कायद्याचे ६३ वे कलम तेच सांगते. हेतू चांगला होता. जमीन कसणाऱ्याच्या हातात राहावी, पैसेवाल्याच्या तिजोरीत जाऊ नये.

पण याचा अर्थ काय झाला तो लक्षात घ्या. जाहिरातीतल्या अशा डोंगरी खोऱ्यातली जमीन घेणारा प्रत्येक जण कागदावर शेतकरी असतो. म्हणजेच तो बहुधा शेतकऱ्याचा नातू असतो. त्याच्या आजाचे काटोलकडे, नरखेडकडे, भिवापूरकडे वावर आहे. बाप शिकून नोकरीला लागला, पोरगा शिकून डॉक्टर-इंजिनिअर झाला. ते वावर कोणाला तरी मक्त्याने दिलेले असते. वर्षातून एकदा मक्त्याचे पैसे मोजायला आणि दर दोन वर्षांनी भावकीतली भांडणे करायला तिथे जाणे होते. त्या वावरात विहीर आटली, संत्र्याची झाडे वाळली, धुरे कोसळले, तरी याला पत्ता नसतो. त्या सातबाऱ्याचा याला एकच उपयोग राहिला आहे. त्याच्या जोरावर हा शेतकरी ठरतो, आणि शेतकरी ठरून दुसऱ्या शेतकऱ्याची जमीन घेतो.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा कुणब्याला लुबाडणारे बाहेरचे होते. सावकार होता, कारकून होता, धर्माच्या नावाने दक्षिणा उकळणारा होता. त्यांची जात वेगळी, पोशाख वेगळा, भाषा वेगळी. शेतकऱ्याला शत्रू ओळखता तरी येत होता. आज जो गाडीतून उतरतो तो त्याच्याच पोटचा असतो. तो ‘काकाजी’ म्हणतो, पायाला हात लावतो, आमचेही वावर आहे म्हणतो, आणि भाव पाडून मागतो. ज्या शिक्षणासाठी फुल्यांनी आयुष्य झिजवले, ते शिक्षण घेतलेल्या बहुजनांच्या पोराने आपल्याच माणसाच्या अडाणीपणाचा दर ठरवावा, याला काय म्हणायचे? ज्यांना कायद्याच्या अडीअडचणी आड येतात, ते तर सरळ खोटा शेतकरी दाखला मिळवतात. सरकारी बंगल्यात राहणारी माणसे कागदावर नांगर धरतात.

जमीन स्वस्त का असते, हा पुढचा प्रश्न. दलाल सांगतो, तिथे काही नाही म्हणून. अगदी बरोबर. तिथे काही नाही. पण ‘काही नाही’ हे आभाळातून पडलेले नसते. दवाखाना आहे तर डॉक्टर नाही, डॉक्टर आहे तर औषध नाही. शाळेला पटसंख्या नाही म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पोरे कमी. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाव चार-चार दिवस तुटते. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ साली देशभर गाजले. तेव्हापासून दर पावसाळ्यात तीच बातमी आकडे बदलून येते. खोऱ्यातला तरुण सालगडी म्हणून, वीटभट्टीवर, बांधकामावर बाहेर पडतो. घरी राहतात म्हातारी माणसे आणि पडीक वावर. मग एखाद्या दिवशी म्हाताऱ्याची किडनी जाते किंवा नातीचे लग्न येते, आणि ‘जमीन विकणे आहे’ होते.

पुढारी आपण निवडतो, अंदाजपत्रक आपल्या शहरांभोवती फिरते, उड्डाणपूल आपल्याकडे येतात. खोऱ्याला आधी उपाशी ठेवायचे आणि ते अर्धमेले झाले की बाजारभाव पडला म्हणून विकत घ्यायचे, अशी ही रीत आहे. याहून चीड आणणारी गोष्ट पुढे घडते. जमीन आपल्या नावावर झाली की वर्षा-दोन वर्षांत रस्ता येतो, विजेचा खांब येतो, मोबाइलचा टॉवर येतो. तीस वर्षे अर्ज करून बाळंतिणीसाठी जो रस्ता मिळाला नाही, तो शनिवारी येणाऱ्या मोटारीसाठी मिळतो.

ज्याला हे शब्दांचे फुलोरे वाटत असतील त्याने तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर एक सकाळ बसून पाहावे. विकणारा म्हातारा भल्या पहाटे निघून आलेला असतो. धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. बाजूला दोन बहिणी, हक्कसोडपत्रापुरत्या आणलेल्या. दस्त वकिलाने आदल्या दिवशी तयार केलेला. रेडी रेकनरचा आकडा कागदावर, बाकीची रक्कम कापडी पिशवीत. ‘काकाजी, इथं अंगठा ठेवा.’ म्हातारा अंगठा ठेवतो. यंत्र घेत नाही. शेतात, लाकडांत, दगडांत आयुष्य गेले. रेषा झिजून गेलेल्या असतात. कारकून कंटाळून म्हणतो, पुसून घ्या, पुन्हा ठेवा. ओल्या फडक्याने अंगठा पुसतात, दाबून ठेवतात. पुन्हा नाही. दुसरे बोट. तिसऱ्यांदा कुठे ठसा उमटतो आणि सगळ्यांना हायसे वाटते. ‘दस्त वाचून दाखवला ना?’ म्हातारा दलालाकडे पाहतो. दलाल मान हलवतो, म्हणून म्हातारा ‘हो’ म्हणतो. खरेदीदाराचा अंगठा मात्र पहिल्या झटक्यात उमटतो. त्याच्या बोटाच्या रेषा शाबूत असतात.

त्या जमिनीवर खरा हक्क कोणाचा, याची साक्ष ते यंत्रच देत असते. पण आपण तिथे घड्याळ पाहत उभे असतो, कारण परतीचा रस्ता घाटाचा आहे.

हे केवळ मेळघाटापुरते किंवा विदर्भापुरते नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यात कांदाटी खोरे आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडचा हा मुलूख. धरणाने एकदा ही माणसे उठवली. जे राहिले ते होडीने दवाखान्यात जातात, आणि घरटी तरुण मुंबईला. २०२४ च्या मे महिन्यात या खोऱ्यातल्या झाडाणी गावाची बातमी फुटली. एक बडा सरकारी अधिकारी, त्याचे नातेवाईक आणि इतर काही जणांनी मिळून गावची सहाशे एकरांहून अधिक जमीन घेतल्याचा आरोप झाला. सरकार तुमची जमीन प्रकल्पासाठी घेणारच आहे, असे सांगून ती मातीमोलाने पदरात पाडल्याची तक्रार झाली. राष्ट्रीय हरित लवादाने दखल घेतली, महसूल खात्याने सुनावण्या लावल्या. आपल्या राज्यात १९६१ पासून कमाल जमीनधारणेचा कायदा आहे आणि कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे. आरोपांचा निकाल यथावकाश लागेल. पण एक अख्खे गाव विकले जाते, त्याचे दस्त नोंदवले जातात, फेरफार होतात, आणि एका कार्यकर्त्याने ओरड करीपर्यंत कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत, याचा निकाल लागलेला आहे. तो आपल्या विरुद्ध आहे.

सरकार स्वतः दलाल झाले की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९६ साली राज्याने नव्या गिरिस्थानांसाठी खास नियम केले. २००१ साली पुणे जिल्ह्यात मोसे नदीच्या खोऱ्यातली अठरा गावे गिरिस्थान म्हणून जाहीर झाली, आणि वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा हे खासगी शहर उभे राहिले. इटलीतल्या पोर्तोफिनो गावाची नक्कल सह्याद्रीच्या उरावर बसवण्यात आली. कातकरी आणि धनगर पाड्यांतल्या माणसांनी जमिनी फसवून घेतल्याच्या तक्रारी केल्या, मेधा पाटकरांसारख्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, वर्षभराने अटींवर परवानगी दिली. २०१८ साली लवासाची कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली. आज तिथे अर्धवट इमारती उभ्या आहेत, घरांसाठी पैसे भरलेले लोक हेलपाटे घालत आहेत, आणि ज्यांच्या टेकड्या फोडल्या त्यांना टेकड्या परत मिळालेल्या नाहीत.

लवासा ज्या मुळशी तालुक्यात आहे तिथेच १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची शपथ होती. तीन वर्षे ते लढले, तुरुंगात गेले, हरले. ऐंशी वर्षांनी शेजारच्याच खोऱ्यात जमिनी गेल्या, तेव्हा आपण काय केले? पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापटांच्या नावाचे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवरच्या कचेऱ्यांतून कामावरून सुटून लोक लवासाच्या घरांचे माहितीपत्रक चाळत होते. पुतळा, रस्ता आणि जयंती एवढ्यावर आपण आपल्या थोरांचे देणे फेडून टाकतो, म्हणजे मग त्यांचे ऐकण्याची गरज उरत नाही.

आदिवासींच्या जमिनीबाबत तर कायदा आणखी स्पष्ट आहे. महसूल संहितेच्या ३६-अ कलमाप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही, आणि विक्री असेल तर राज्य सरकारची मान्यता लागते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठीही वेगळा कायदा झाला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला आपली जमीन राखण्याचा अधिकार दिला. एवढे कायदे आहेत, मग जमिनी जातात कशा? जातात त्या आपल्या हुशारीने. घरच्या आदिवासी गड्याच्या नावावर घ्यायची. नाहीतर नव्व्याण्णव वर्षांचा करार स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यायचा. नाहीतर मुखत्यारपत्र. नाहीतर हातउसने पैसे देऊन बयाणापत्र करायचे आणि वीस वर्षे वहिवाट दाखवायची. या युक्त्या त्या खोऱ्यात जन्मलेल्या नाहीत. त्या शहरातल्या वकिलाच्या टेबलावर जन्मल्या आणि पुरेशी फी घेऊन जन्मल्या. वाघासाठी गावे उठवताना २००८ पासून कुटुंबामागे दहा लाखांचे पॅकेज ठरवून मेळघाटातल्या कोरकू आदिवासींना जंगलाबाहेर काढले गेले. त्याच जंगलाच्या काठाला रिसॉर्टचा तरणतलाव झाला तर मात्र ‘पर्यटनाचा विकास’ झाला. कोरकूच्या चुलीचा धूर वाघाला सोसत नाही, आणि आपला डीजे सोसतो, असा हा समज आहे.

यावर उत्तरे ठरलेली आहेत. ती एकेक घेऊ.

पहिले उत्तर: तो विकतो म्हणून आम्ही घेतो. शेतकऱ्याला आपली जमीन विकायचा हक्क आहे, आणि तो हक्क काढून घ्यावा असे मी म्हणणार नाही. त्याला कायद्याच्या खुंट्याला बांधून ठेवणे हाही एक अन्यायच आहे. पण दवाखान्याचे बिल भरण्यासाठी केलेली विक्री आणि राजीखुशीने केलेली विक्री यांत फरक आहे, आणि तो फरक घेणाऱ्याला नेमका कळतो. कळतो म्हणूनच तो भाव पाडतो. एखाद्याची नड पाहून दर ठरवणाऱ्याला आपल्या आज्या-पणज्या सावकार म्हणत.

दुसरे उत्तर: तिथल्या लोकांना रोजगार मिळतो. कोणता? काल जो मालक होता तो आज त्याच जमिनीवर चौकीदार आहे. त्याची सून खोल्या झाडते, नातू शनिवार-रविवार चुलीवरचे चिकन वाढतो. आपण त्यांच्याबरोबर फोटो काढतो आणि ‘किती साधी माणसे’ असे खाली लिहितो.

तिसरे उत्तर: आम्ही तिथे झाडे लावतो, जमीन राखतो. झाडे लावता, आणि आधी तारेचे कुंपण घालता. त्या कुंपणाने गुरांचा पाणवठा बंद होतो, पांदण बंद होते, बायकांची धुण्याची जागा जाते, मसणवटीची वाट अडते. या वाटा सातबाऱ्यावर नसतात. त्या लोकांच्या पायांना माहीत असतात. नदीचे पात्र तर कोणाच्याच मालकीचे नसते. महसूल संहितेचे विसावे कलम नद्या, नाले आणि त्यांची पात्रे सरकारची मानते. तरीही जाहिरातीत नदी विकली जाते, आणि आपण तिची किंमत मोजून आलो म्हणून गावच्या पोरांना तिच्यात डुंबायला बंदी करतो.

चौथे उत्तर कोणी तोंडाने देत नाही, पण खरे तेच आहे: भाव वाढेल. विश्रांती, पक्षी, शुद्ध हवा हे सगळे पाहुण्यांना सांगायचे. मनात गणित वेगळे असते. रस्ता होईल, भाव तिप्पट होईल, मग तुकडे पाडून विकू.

या शेवटच्या गोष्टीबद्दल नागपूरकराला तरी शिकवायची गरज नसावी. शेतीचे तुकडे पाडून, कागद न करता, रस्ता-गटार न देता प्लॉट विकल्याने काय होते, ते दक्षिण आणि पूर्व नागपूरने सोसले आहे. ५७२ लेआउट, १९०० लेआउट हे आकडे आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहेत. एकच प्लॉट दोघांना विकला गेला, आरएलसाठी, म्हणजे रिलीज लेटरसाठी, नागपूर सुधार प्रन्यासच्या पायऱ्या झिजल्या, २००१ च्या गुंठेवारी कायद्याची वाट पाहत माणसे म्हातारी झाली. गिरणीकामगार, शिक्षक, कारकून यांच्या आयुष्याची पुंजी त्यात गेली. म्हणजे जमिनीच्या फसवणुकीचे दुःख आपण पोटातून ओळखतो. आणि ओळखत असूनही, आपली पाळी येताच आपण खोऱ्यातल्या माणसासमोर लेआउटवाल्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. फसलेल्याने फसवणाऱ्याची विद्या तेवढी उचलली.

दुसऱ्या राज्यांना निदान भीती वाटू लागली आहे. हिमाचल प्रदेशाने १९७२ च्या कायद्यातल्या ११८ व्या कलमाने डोंगरातली जमीन बाहेरच्या पैशापासून राखली. उत्तराखंडाने उशिरा का होईना, २०२५ साली तेरापैकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची आणि बागायतीची जमीन घ्यायला बंदी केली. पण नुसत्या कायद्याने भागत नाही हे आपल्या ३६-अ ने दाखवले आहे. कायद्याला माणसांची नियत लागते.

ती नियत कशी असते ते पाहायला उत्तराखंडात जायला नको. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात कठाणी नदीजवळ मेंढा-लेखा आहे. गोंडांचे गाव. डोंगर आहे, बांबू आहे, नदी आहे. जाहिरातीत लागते ते सगळे आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या माणसांच्या सोबतीने या गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले, दर निर्णय सर्वसहमतीने घेतला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा देशभर गेली. २००९ साली १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. आणि २०१३ साली, चांगल्या भावाला जमिनी विकून जो तो मोकळा होत असताना, मेंढ्याच्या लोकांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या नावे करायचा निर्णय घेतला. कसायची ज्याची त्यानेच, पण मालकी गावाची. म्हणजे उद्या घरात कितीही अडचण आली तरी एकटा माणूस दलालाच्या तावडीत सापडणार नाही. त्याची अडचण ही गावाची अडचण होईल.

विनोबांनी १९५१ साली भूदान सुरू केले. त्यांचे पवनार धाम नदीच्या काठी आहे, इथून गाडीने दीड-दोन तासांवर. विनोबांचे ऐकायला मोटारीतून गेलेल्या आपल्या आज्याने वर्गणी दिली, टाळ्या वाजवल्या आणि वावर जपले. जंगलातल्या गोंडांनी ते करून दाखवले. मागास कोण, हे यापुढे जपून म्हणावे.

तेव्हा वाचकांना माझे सांगणे सरळ आहे. हौसेसाठी आणि भाववाढीसाठी खोऱ्यातली जमीन घेऊ नका. बायकोच्या, मुलाच्या, गड्याच्या नावावरही घेऊ नका. निवांतपणा हवा असेल तर गावकऱ्याच्या घरी चार दिवस राहा, त्याने मागितलेले पैसे द्या, आणि परत या. नदी पाहायला नदीचा मालक असावे लागत नाही. आजाचे वावर असेल तर तिथे जा, त्याची विहीर उपसा, मक्तेदाराला रीतसर कागद द्या. शेतकरी म्हणवून घ्यायचे असेल तर आधी तिथे शेतकरी व्हा. वकिलांनो, आदिवासीच्या जमिनीचे पळवाटीचे दस्त करायला नकार द्या. तलाठ्यांनो, मंडळ अधिकाऱ्यांनो, फेरफार मंजूर करण्यापूर्वी विकणाऱ्याला दलालाशिवाय एकटा बोलवा आणि भाव विचारा. डॉक्टरांनो, खोऱ्यात पंचवीस एकर घेण्याऐवजी महिन्यातून एक दिवस तिथल्या दवाखान्यात बसा. मग तिथल्या म्हाताऱ्याला जमीन विकावीच लागणार नाही. आणि आपण सगळ्यांनी नाग नदीकडे आणि सक्करदऱ्याच्या तलावाकडे पाठ न फिरवता तिथले सांडपाणी कोणत्या नळीतून येते ते शोधावे. त्यातली एक नळी आपल्या घरातून निघत असेल.

एवढे होत नसेल तर फुल्यांचे, तुकडोजी महाराजांचे आणि विनोबांचे नाव घेणे तरी थांबवावे. त्यांच्या तसबिरी भिंतीवर आणि दुसऱ्याच्या नदीचे खरेदीखत कपाटात, हे एका घरात यापुढे चालणार नाही. दोहोंपैकी एक काढावे लागेल.